स्ट्रॉबेरीचा एक कप म्हणजे नेमके किती ग्रॅम?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जॅमच्या कृतीत ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, २५० ग्रॅम सफरचंद आणि ४५० ग्रॅम साखर सांगितली आहे. घरात वजनकाटा नाही, मापाचे कप आहेत. कपाचा हिशोब शोधायला गेलात तर एका ठिकाणी स्ट्रॉबेरीचा कप १४४ ग्रॅमचा निघाला, दुसरीकडे १६६ आणि तिसरीकडे चक्क २३२. यातला खरा कोणता धरायचा?

तिन्ही खरे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या कोष्टकात हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले आहेत: आख्ख्या स्ट्रॉबेरीचा कप १४४ ग्रॅम, काप केलेल्यांचा १६६ आणि मिक्सरमधून काढलेल्या गराचा २३२. फळ तेच, कप तोच. बदलतं ते एवढंच की कपात फळ किती आणि हवा किती. म्हणून ‘एक कप म्हणजे किती ग्रॅम’ असं विचारण्याआधी कपात जाताना फळ कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवावं लागतं. हे एकदा ठरलं की पुढचं सगळं साधं भागाकाराचं काम उरतं.

फळांचं जॅम आणि केक हे माझं रोजचं काम आहे, आणि दुसऱ्यांना कृती लिहून देताना हा प्रश्न सारखा समोर येतो. त्यामुळे जरा खोलात जाऊन सांगते.

बरणीत गोट्या भरल्या की त्यांच्यामध्ये फटी राहतात, तसंच कपात फळांचं होतं. एकसारख्या आकाराच्या गोल वस्तू भांड्यात ओतून नीट हलवल्या तरी भांड्याची साधारण ६४ टक्केच जागा भरते, बाकी हवा. आता ब्लूबेरी बघा. २४० मिलिलिटरच्या कपात त्या सुमारे १४८ ग्रॅम बसतात, म्हणजे मिलिलिटरला ०.६२ ग्रॅम. ब्लूबेरीची घनता पाण्याच्या जवळपास असते, तेव्हा कपाचा ६२ टक्के भाग फळानं भरला असा त्याचा अर्थ. म्हणजे कोष्टकातला आकडा हवेतून आलेला नाही, त्यामागे हा रचनेचा हिशोब आहे. फळाचे काप केले की लहान-मोठे तुकडे एकमेकांच्या फटीत शिरतात आणि कप जड होतो. गर केला की फटी संपतातच. म्हणून जवळजवळ कुठल्याही फळाचा गर कपाला २२५ ते २५० ग्रॅमच्या दरम्यान येतो.

काही फळांत हवा बाहेर असते तशी आतही असते. सफरचंद पाण्यावर तरंगतं, कारण त्याच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा हवा असते. त्यामुळे त्याच्या फोडींचा कप १२५ ग्रॅमवरच थांबतो आणि पातळ कापांचा तर ११० च्या आसपास राहतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. काप केले की कप जड होतो असं वर म्हटलं, पण सफरचंदाचे कडक, रुंद काप एकमेकांवर आडवेतिडवे टेकून राहतात आणि उलट जास्त जागा अडवतात. मऊ फळाचे काप खाली बसतात, कडक फळाचे बसत नाहीत. रासबेरी आतून पोकळ असते, म्हणून १२३. क्रॅनबेरीच्या पोटात हवेचे कप्पेच असतात, म्हणून १००. केळ्याच्या चकत्या १५० आणि कुस्करलेलं केळं २२५. आंबा आणि अननसाच्या फोडी १६५ च्या आसपास, बिनबियांची द्राक्षं १५० च्या आसपास. पपईच्या फोडी १४५, संत्र्याच्या सोललेल्या फोडी १८०, डाळिंबाचे दाणे १७४. हे सगळे आकडे अमेरिकी कपाचे आहेत. तुमच्या हातचा कप तोच आहे का, हा पुढचा प्रश्न.

अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा. मेट्रिक कप २५० चा. जपानी कृतींमधला कप २०० चा. पहिल्या दोघांतला फरक फळांच्या बाबतीत सोडून द्या, फळ भरतानाच त्याहून जास्त चूक होते. २०० आणि २५० मधला फरक मात्र सोडून देण्यासारखा नाही, तो पंचवीस टक्क्यांचा आहे. घरच्या वाटीला किंवा चहाच्या कपाला तर प्रमाणच नसतं. तुमच्या कपावर आकडा नसेल तर औषधाच्या मापानं किंवा खुणा असलेल्या बाटलीनं त्यात पाणी भरून तो किती मिलिलिटरचा आहे ते एकदा मोजा आणि खाली लिहून चिकटवून ठेवा. मग कोष्टकातल्या ग्रॅमला २४० नं भागायचं आणि तुमच्या कपाच्या मिलिलिटरनं गुणायचं, की तुमच्या कपाचं वजन निघतं.

आता कृतीकडे वळू. कृतीतले ५०० ग्रॅम देठ काढण्याआधीचे की नंतरचे? स्ट्रॉबेरीत फरक किरकोळ आहे, देठाचे सहा टक्के जातात. पण हाच प्रश्न अननसाला विचारला तर अर्धं वजन साल, शेंडा आणि मधल्या दांड्यात जातं. केळ्याच्या सालीत सुमारे ३६ टक्के, आंब्याच्या साल-कोयीत साधारण ३० टक्के. सफरचंदाचा नुसता गाभा काढला तर दहा टक्के, सालही काढली तर वीसच्या पुढे. कृतीत स्पष्ट लिहिलं नसेल तर मी जॅम, गर, केक यांच्यासाठी दिलेलं वजन साफ केलेल्या फळाचं धरते. जे भांड्यात शिजणार आहे त्याचंच साखरेशी नातं असतं, टोपलीत गेलेल्या सालीचं नसतं. फळ विकत आणायचं वजन मात्र वेगळं. ५०० ग्रॅम अननसाच्या फोडी हव्या असतील तर किलोभराचं फळ आणावं लागतं.

हा सगळा काटेकोरपणा दर वेळी हवा का? नाही. हे पदार्थावर अवलंबून आहे. मफिनच्या पिठात ब्लूबेरी मिसळताना ३० ग्रॅम इकडे-तिकडे झाल्या तर काही बिघडत नाही. स्मूदीत तर मापच नको. केळ्याच्या केकमध्ये कुस्करलेलं केळं हे पिठातलं पाणी असतं, तिथे मोठी चूक केक आतून ओला आणि दडस करते, म्हणून तिथे मी जपते. ‘पाय’ म्हणजे आत फळ भरून भाजायचा पदार्थ, त्यात मात्र मला कपच जास्त पटतो, कारण तिथे साचा भरायचा असतो. साच्यात किती मावेल हा आकारमानाचा प्रश्न आहे, आणि हलकी सफरचंदं ग्रॅमनं मोजून आणली तर साचा ओसंडू शकतो.

जॅम या यादीत सगळ्यात कडक. तुमच्याच आकड्यांवर दाखवते. ५०० ग्रॅमला १४४ नं भागलं तर साडेतीन कप येतात. हे साडेतीन कप कोणी आख्ख्या फळांऐवजी गराचे घेतले तर भांड्यात ८१० ग्रॅमच्या पुढे स्ट्रॉबेरी जाईल. स्ट्रॉबेरीत ९१ टक्के पाणी असतं, म्हणजे पाव किलोहून जास्त पाणी फुकट आटवत बसावं लागेल. जॅम घट्ट होईलही, पण तोवर फळाचा ताजा वास उडालेला असतो, रंग काळपटतो आणि जास्त वेळ उकळल्यानं पेक्टिनही, म्हणजे फळातला जॅम घट्ट करणारा घटकही, कमजोर होतं. उलट बाजूनं २३२ चा आकडा धरून आख्ख्या स्ट्रॉबेरी दोन कप घेतल्या तर फळ जेमतेम ३०० ग्रॅम भरेल आणि ४५० ग्रॅम साखरेत फळाची चव शोधावी लागेल. तीन आकडे बघून तुम्ही थांबलात आणि विचारलंत, ते अगदी योग्य केलंत.

आता तुमच्या कृतीचं थेट उत्तर. २४० किंवा २५० चा कप असेल तर स्ट्रॉबेरीचे देठ काढून काप करा आणि तीन कप घ्या. सफरचंद गाभा काढून साधारण सेंटिमीटरभराच्या फोडींत चिरा आणि दोन कप घ्या. साखर सव्वादोन कप. २०० चा कप असेल तर स्ट्रॉबेरी साडेतीन कपांपेक्षा थोडी जास्त, सफरचंद सुमारे अडीच कप आणि साखर पावणेतीन कप. साखरेची काळजी करू नका. दाणेदार साखर कपात दर वेळी सारखीच बसते, २४० च्या कपाला २०० ग्रॅम धरून चाला.

कप कसा भरता यावरही बरंच ठरतं. फळ वरून सैल सोडायचं, कप ओट्यावर एकदा हलकेच आपटायचा आणि थांबायचं. बोटांनी दाबायचं नाही, कारण दाबलेल्या कापांचं वजन तुमच्या हाताच्या जोरावर ठरतं आणि तो जोर दोनदा सारखा नसतो. शीगही लावायची नाही. तुकडे मोठे असतील तर काठावर काही टोकं वर येतील आणि काही ठिकाणी खळगे राहतील, ते एकमेकांत फिटतात असं धरून डोळ्यांनी सपाट पातळी ठरवा. मोठं फळ आख्खंच मोजायचं असेल तर एका कपानं तीनदा मोजू नका. कपाच्या भिंतीलगत फटी सगळ्यात मोठ्या राहतात, आणि छोट्या कपात भिंतीलगतची जागाच जास्त असते. चार कपांच्या खुणेचं एखादं मोठं भांडं घ्या आणि सगळं फळ एकदम त्यात मोजा, आकडा पुष्कळ स्थिर येतो. माझं मत विचाराल तर आख्खं मोठं फळ कपानं मोजूच नये. चिरून मोजावं.

यावर तुम्ही विचाराल, कोष्टकाशिवाय भागतं का? भागतं, आणि तेही जास्त अचूक. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता दुकानातल्या काट्याचा. फळ तुम्ही वजनावरच आणता. समजा किलोभर स्ट्रॉबेरी आणली. देठ काढल्यावर ती सुमारे ९४० ग्रॅम उरली. सगळीच्या सगळी एकसारखी चिरा आणि तुमच्याकडे असेल त्या कपानं किंवा वाटीनं मोजा. समजा आठ वाट्या भरल्या, तर एक वाटी सुमारे ११७ ग्रॅमची झाली आणि ५०० ग्रॅमसाठी सव्वाचार वाट्या लागतील. इथे वाटी किती मिलिलिटरची आहे याला काही महत्त्व उरत नाही. फळाची जात, पिकलेपणा, तुमची चिरण्याची सवय, तुमची भरण्याची पद्धत, सगळं आपोआप हिशोबात येतं. छापील वजनाच्या डबीतून आलेल्या बेरींनाही हेच लागू. २५० ग्रॅमची डबी कपात रिकामी केली की तुमच्या कपाचा आकडा तुम्हाला मिळालाच. मी असे आकडे फळवार वहीत लिहून ठेवते आणि कोष्टकापेक्षा त्या वहीवर जास्त विसंबते.

दुसरा रस्ता पाण्याचा, आणि तो मला मनापासून आवडतो. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो: तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. एक रुंद पातेलं पाण्यानं भरा. त्यात सरळ भिंतींचा, हलका, पारदर्शक प्लास्टिकचा डबा झाकण न लावता तरंगत ठेवा. मापाच्या कपानं डब्यात ५०० मिलिलिटर पाणी घाला. डबा खाली जाईल. जिथपर्यंत बुडाला तिथे डब्याच्या बाहेरून पेनानं रेघ मारा. आता डबा काढून रिकामा करा, पुसा, पुन्हा तरंगत ठेवा आणि त्याच रेघेपर्यंत बुडेल इतकं फळ त्यात भरा. ते फळ ५०० ग्रॅम आहे. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे कोष्टक नको, फळाची घनता नको, फटींचा विचार नको. सफरचंद असो, साखर असो, गर असो, रेघ तीच. फळ ओलंही होत नाही.

याची अचूकता डब्याच्या तळावर ठरते. तळ १२ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असेल तर ५०० ग्रॅमला डबा साडेतीन सेंटिमीटर बुडतो आणि मिलिमीटरभर फरक म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. जॅमला एवढं पुरे. खूप पसरट डबा घेतला तर तो जेमतेम बुडेल आणि रेघ वाचता येणार नाही. खूप उंच आणि अरुंद घेतला तर कलंडेल. फळ सगळीकडे सारखं पसरा म्हणजे डबा तिरका होणार नाही, आणि तो पातेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकलेला नाही ना ते बघा. टेकला की माप चुकलं.

कृतीत फळाचा गरच करायचा असेल तर मात्र यातलं काही करत बसू नका. आधी गर करा, मग मोजा. गराचा एक कप सुमारे २२५ ते २५० ग्रॅम, आणि भरण्याच्या पद्धतीनं त्यात काही फरक पडत नाही. मिक्सरमध्ये फेस आला असेल तर दहा मिनिटं थांबा, हवा निघून जाऊ द्या. तुमच्या कृतीत स्ट्रॉबेरीच्या फोडी अखंड राहायला हव्यात असं नसेल तर हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे: ५०० ग्रॅमसाठी २४० च्या कपानं दोन कप आणि वर दोन-तीन मोठे चमचे.

गोठवलेल्या फळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हंगाम संपला की तिथेच सगळे फसतात म्हणून सांगते. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. फळ गोठलेलं असेपर्यंत ते दिसत नाही. वितळलं की रस सुटतो, तुकडे बसतात आणि कप भरभर जड होतो. गोठलेल्या स्ट्रॉबेरीचा कप १४९ ग्रॅमचा, तोच वितळल्यावर भरला तर २२१ चा. म्हणजे जवळजवळ दीडपट. म्हणून गोठलेलं फळ गोठलेलं असतानाच मोजा आणि वितळल्यावर सुटलेला रस ओतून देऊ नका, तो मापाचाच भाग आहे. साखरेत मुरवलेल्या फळाचंही असंच. साखर रस ओढून घेते आणि दोन तासांत फोडींची उंची निम्म्यावर येऊ शकते, तेव्हा साखर घालण्याआधी मोजायचं.

पिकलेपणाचा परिणाम होतो का, तर होतो. अगदी पिकलेलं फळ मऊ पडून कपात जास्त बसतं. पण तो फरक वर सांगितलेल्या गोष्टींपुढे छोटा आहे, आणि जॅमसाठी पिकलेपणाचा खरा प्रश्न वेगळाच असतो: जास्त पिकलेल्या फळात पेक्टिन कमी होतं. स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी. तुमच्या कृतीत सफरचंद आहे ते त्यासाठीच, त्यात पेक्टिन भरपूर असतं. त्यामुळे दोन्हींपैकी एका फळाचं माप थोडं ढिलं ठेवायचंच झालं तर ते स्ट्रॉबेरीचं ठेवा, सफरचंदाचं नको.

एवढं करूनही फळ तीस-चाळीस ग्रॅम कमी-जास्त झालं तर घाबरू नका. जॅम कधी उतरवायचा हे शेवटी साखरेचं प्रमाण ठरवतं, आणि ते तापमानावरून कळतं: समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअस. उंचावर राहत असाल तर तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्यापेक्षा चार ते पाच अंश जास्त. फळ थोडं जास्त झालं असेल तर तिथे पोचायला काही मिनिटं जास्त लागतील, कमी झालं असेल तर लवकर पोचाल, म्हणून पाचव्या मिनिटापासूनच लक्ष ठेवा. तापमापक नसेल तर सुरुवातीलाच एक बशी फ्रीजरमध्ये ठेवून द्या. जॅम मोठ्या बुडबुड्यांनी उकळायला लागला की गॅस बारीक करून त्या बशीवर थेंबभर घाला, मिनिटभर थांबा आणि बोटानं पुढे सरकवा. वर सुरकुती पडली तर उतरवा. नुसता ओघळला तर आणखी दोन मिनिटं उकळून पुन्हा बघा.